महादेवाच्या पटांगणातला महाराजा सोफा

सेलूत जिनिंगच्या वाटेला पत्र्याची काही गोदामं आहेत. त्यांतलं शेवटचं माझं. बांबू, कनाती, सतरंज्या, जेवणाची टेबलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्या यांच्यामध्ये, जुन्या चादरीखाली, माझ्याकडं एक सिंहासन झाकून ठेवलेलं असतं. आमच्या धंद्यात त्याला सिंहासन कुणी म्हणत नाही, ‘महाराजा सोफा’ म्हणतात. दोघं ऐसपैस बसतील एवढा रुंद, पाठ पुरुषभर उंच, वर मुकुटासारखी कमान, हात ठेवायच्या जागी दोन सिंह. सगळीकडं सोनेरी रंग आणि बैठकीला लाल मखमल.

तो रहीमचाचांनी बनवला. चाचा माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडं सुतारकाम आणि गादीकाम करतात. त्यांनी सिंह कधी पाहिला नव्हता, कॅलेंडरवरच्या चित्रावरून कोरला. लहान पोरं त्याला मांजर म्हणतात. एकदा एका वरबापानं तक्रार केली, "चाचा, तुमचा सिंह लय गरीब दिसायलाय."

चाचा म्हणाले, "हौ. भाड्याका है ना. मालकीका रहता तो गुर्राता."

मी मंडपवाला आहे. पन्नाशीला आलोय. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण त्या लिहायला बसलो की मला नुसतं हसू येत नाही. माझ्या बहुतेक गमतींमध्ये कुणीतरी वर बसलेलं आहे आणि कुणीतरी खाली, आणि त्यांना तसं बसवायचं काम माझ्या हातानं झालेलं आहे.

लोकांना वाटतं मंडप म्हणजे सावली. सावली कुणीही करतो, चार मेढी रोवून वर कापड टाकलं की झाली. मंडपवाल्याचं खरं काम बैठक मांडणं. गिऱ्हाईक येतं, आधी झालरीचा रंग विचारतं, मग फुलांची कमान विचारतं, आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतं, "पुढं कुणाला बसवायचं?" तिथून धंदा सुरू होतो. पहिल्या ओळीला सोफे. त्याच्यामागं पांढऱ्या खोळी घातलेल्या गादीच्या खुर्च्या. त्याच्यामागं नुसत्या प्लॅस्टिकच्या. मग सतरंजी. आणि सतरंजीच्याही मागं बांबूला धरून उभे राहणारे. सोफे आणि खुर्च्या यांच्यामध्ये एक रेशमी दोरी बांधतात. ती दोरी मी बांधतो.

शाळेत इतिहास शिकलो तो लढायांचा आणि तहांचा. राजांनी माणसांचं नेमकं काय केलं, ते मला खुर्च्या लावता लावता कळलं. आमच्या मुलखावर हैदराबादच्या निजामाचं राज्य होतं. आमच्याकडच्या किती माणसांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं असेल? पण तो तिकडं बसून इथल्या देवळाला दिव्याच्या तेलासाठी जमीन द्यायचा, दर्ग्याच्या उरुसाला खर्च लावून द्यायचा, एखाद्या घराला वतन द्यायचा, एखाद्याला छत्रीचा मान. त्याच्या आधीचेही हेच करत आले. चारठाण्याला जुनी दगडी देवळं आहेत. कोणत्या राजानं बांधली यावर तिथं आलेले पाहुणे भांडतात. मी गेलो की खांब बघतो. आमच्याच धंद्यातली माणसं ती, फक्त त्यांना मंडप दुसऱ्या दिवशी सोडायचा नव्हता.

राज्य गेलं. इनामाच्या जमिनी कायद्यात गेल्या, भावकीच्या वाटण्यांत गेल्या, काही विकल्या गेल्या. पण त्या जमिनींबरोबर आलेली रांग तशीच राहिली. नारळ आधी कुणाचा, पालखीला खांदा आधी कुणाचा, प्रसाद आधी कुणाला, कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं. आमच्याकडं जुनी माणसं याला ‘दस्तूर’ म्हणतात. तो गावागावाला वेगळा असतो आणि मंडपवाल्याला तोंडपाठ असावा लागतो. चुकलं तर भर लग्नात मानापमान होतो, जेवण राहतं बाजूला आणि शिव्या मंडपवाल्याला. माझे वडील सांगायचे, आपण खुंट्या ठोकायच्या, गावाच्या पंचायती करायच्या नाहीत. मी तसाच वागत आलो. त्याचं मला आता चांगलं वाटत नाही, पण तसाच वागत आलो.

महाराजा सोफा आला तसं हे सगळं मला अगदी जवळून दिसायला लागलं. तो एकच सोफा सप्ताहात जातो, सभेत जातो आणि लग्नात जातो.

एका गावात सप्ताहाची सांगता होती. कीर्तनकार महाराज वयस्क, साधा माणूस. शिष्यांनी त्यांना मिरवत आणलं आणि सोफ्यासमोर उभं केलं. महाराज दचकले.

"अरे बाबांनो, ह्याच्यावर बसून मी लोकाला काय सांगू? मोह सोडा म्हणून?"

शिष्य ऐकेनात. शेवटी महाराज सोफ्याच्या काठावर टेकले, भरलेल्या एसटीत तिसऱ्यानं सीटवर टेकावं तसे. लोक पाया पडले, बुक्का लावला, काहींनी भक्तिभावानं सिंहांच्या डोक्यालाही लावला. तोच सोफा दुपारी एका पुढाऱ्याच्या सत्काराला द्यायचा होता. पुसायला वेळ मिळाला नाही. साहेब आले, ऐटीत बसले, सिंहांवर हात ठेवले आणि पांढऱ्याशुभ्र बाह्यांना काळे डाग पडले. पण सूत्रसंचालक हुशार. त्यानं माइकवर सांगितलं, "साहेब थेट देवाच्या दारातून आपल्याकडं आलेले आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. डाग झटकायला उचललेला हात साहेबांनी तसाच कपाळाला लावला.

धर्म आणि राजकारण यांच्या संबंधावर मी माझ्याच मंडपात पुष्कळ भाषणं ऐकलीत. मला तो संबंध त्या बाहीवर दिसला.

दुसरा प्रसंग एका मेळाव्याचा. एकाच पक्षाचे दोन नेते, एकच स्टेज. दोघांना सारख्या खुर्च्या ठेवल्या होत्या. एकाचा माणूस हळूच मागून आला. "मंडपवाले, आमच्या साहेबांची खुर्ची दबल्यासारखी वाटायलीय." मी खाली फळी सरकवली. लगेच दुसऱ्याचा माणूस आला. "आमचे साहेब काय खड्ड्यात बसणार का?" तिकडंही फळी. मग परत पहिला. नेते यायला उशीर होता, त्यामुळं फळ्या वाढतच गेल्या. शेवटी साहेब लोक येऊन बसले तेव्हा दोघांचेही पाय स्टेजला टेकत नव्हते. भाषणाला उठताना दोघंही विहिरीत उतरल्यासारखे पायांनी जमीन चाचपत होते. समोर सतरंजीवर बसलेली म्हातारी माणसं ते बघत होती आणि एकही हसलं नाही. मला तेच लागलं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. साहेब म्हणजे उंचच असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

चारठाण्याच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण यातल्या माणसांना अजून तिथंच राहायचंय. गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे, समोर फरसबंद पटांगण. गावातली लग्नं तिथंच लागतात, कारण तेवढी मोकळी जागा दुसरी नाही. देवळाला लागून एक दगडी ओटा आहे. त्याला ‘गादी’ म्हणतात. गावच्या गढीतल्या घराण्याला निजामाच्या काळात मान मिळालेला. जत्रेच्या दिवशी त्या घरातला वडीलधारा त्या ओट्यावर बसतो, देवाचा अंगारा आधी त्याला लागतो, मग गावाला. आणि त्या पटांगणात गादीपेक्षा उंच कुणी बसायचं नाही, असा दस्तूर. पूर्वी सगळेच खाली बसायचे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या निघाल्या तेव्हा त्यावरूनही तिथं वाद झाला होता. खुर्च्या चालतील पण स्टेज आणि सोफा नाही, असं ठरलं. नवरा-नवरीनं अक्षता पडल्यावर पाटावरच बसायचं.

सध्या त्या गादीवर बसतात ते बापूसाहेब. मृदू बोलणारा, कुणाला कधी अरे-तुरे न करणारा माणूस. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच पटांगणात झालं, तेव्हा स्टेज मी घातलं होतं आणि त्यावर हाच महाराजा सोफा मांडला होता. गढीला दस्तूर लागू नव्हता, कारण दस्तूर गढीचाच होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याच गावच्या सुभद्राबाई आणि त्यांचे मालक मारोतराव माझ्या दुकानात आले. दोघं नवरा-बायको अर्धं वर्ष शेळ्या राखतात आणि अर्धं वर्ष ऊस तोडायला जातात. थोरल्या मुलीचं, कविताचं लग्न ठरलं होतं. मारोतराव दारातच उभे राहिले. सुभद्राबाई आत आल्या आणि मोबाइलमधला फोटो माझ्यापुढं धरला. बापूसाहेबांच्या मुलीच्या लग्नातला.

"हे पाह्यजे."

"मावशी, लग्न कुठं हाय?"

"पटांगणात."

मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या, "कामून गप झाले? दस्तूर मला ठाऊक हाय. मी त्याच गावची हाय."

"मग सेलूत एखादं मंगल कार्यालय बघा की. तिथं कुणी अडवायचं न्हाई."

"सेलूत माझ्या लेकीला कोण वळखतं? तिथं बसली काय आन उभी ऱ्हायली काय." मग त्या खुर्चीवर बसल्या आणि पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "लेकरू उसाच्या फडात जन्मलं. पाचटावर झोपलं. शाळा अर्धी गावात, अर्धी फडावर. तिला गावानं नेहमी वरून बगितलं. एक दिवस खालून बगू द्या. बाकी मला काय नको."

दारातून मारोतराव म्हणाले, "मी सांगून थकलो, भाऊ. ऐकत न्हाई ती."

मी इसार घेतला. घेताना वडिलांची आठवण झाली, आणि त्या गावच्या जत्रेचीही. कारण जत्रेचा सगळा मंडप दरवर्षी माझ्याकडं असायचा आणि तो बापूसाहेब ठरवायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी टेम्पो पटांगणात शिरला तेव्हा अभय मोटारसायकल आडवी लावून उभा होता. अभय म्हणजे बापूसाहेबांचा पुतण्या. मागं चार-पाच जण.

"मंडपवाले, कनाती उतरवा. सतरंज्या उतरवा. सोफा टेम्पोतच ऱ्हाऊ द्या."

"बुकिंग हाय, अभयराव."

"असंल. गावात परत यायचंय का न्हाई तुमाला?"

तेवढ्यात बापूसाहेब आले. त्यांनी अभयला गाडी बाजूला घ्यायला लावली, मला हाताला धरून ओट्याजवळ नेलं, चहा मागवला. ओट्यावर ते बसले. मी खाली उभा राहिलो, चहाचा कप घेऊन. उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं नाही, आता लिहिताना येतंय.

"भास्करराव, माझा कशालाच विरोध नाही," ते म्हणाले. "लेक गावाची आहे. मीही आहेर करणार आहे. पण हे देवाचं अंगण. देवासमोर माणसानं उंच बसू नये, एवढंच. आमच्या पणजोबांना हैदराबादेहून हा मान मिळाला, तो आम्ही देवाच्या वतीनं सांभाळतो. मी आज आहे, उद्या नाही. रीत राहते."

तोवर सुभद्राबाई मागून आल्या होत्या. हळदीचे हात, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. त्यांनी बापूसाहेबांना आधी वाकून नमस्कार केला आणि मग म्हणाल्या, "बापू, महादेव कुठं बसलाय?"

"म्हणजे?"

"गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. आमी काय रोज आत जात न्हाई, पण श्रावणात जातो. पिंड लय खाली हाय, आपल्या पायाच्या बी खाली. देव सगळ्यात खाली बसलाय. मग तुमी वट्ट्यावर कायला?"

जुन्या देवळांमध्ये असं असतं, गाभारा खोल असतो. गावातल्या पोरासोरांनाही ते ठाऊक होतं. पण तिथं जमलेल्यांपैकी कुणी आजवर ते तोंडावर आणलं नव्हतं. अभयच्याच मागं उभं असलेलं कुणीतरी खुसकन हसलं. अभय गर्रकन वळला तसं ते थांबलं.

बापूसाहेबांचा चेहरा बदलला नाही. ते फक्त मला म्हणाले, "तुम्ही शहाणे आहात. जत्रा दोन महिन्यांवर आली आहे."

मारोतराव पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. लेकरं पाटावर बसतील. आमच्या पायी तुमचं नुसकान नको."

आणि तिथं माझं डोकं फिरलं. मी शूर माणूस नाही. भांडणात मी पहिल्यांदा वही-पेन शोधतो आणि हिशेबाचं निमित्त काढून सटकतो. पण मारोतराव ज्या तऱ्हेनं हात जोडून उभे होते, ती तऱ्हा मी माझ्या मंडपांत हजार वेळा पाहिली होती. दोरीच्या पलीकडं. मला वाटलं, ज्या राजाला यातल्या कुणी पाहिलं नाही, त्याच्या शब्दाखातर हा माणूस स्वतःच्या लेकीच्या लग्नात माझ्यासारख्या भाड्यानं खुर्च्या देणाऱ्याची माफी मागतोय. आणि मी इथं चहा पीत उभा आहे.

मी कप ओट्यावर ठेवला आणि म्हणालो, "बापूसाहेब, सोफा माझ्या मालकीचा हाय. आज तो सुभद्राबाईंनी घेतलाय. कुठं ठेवायचा ते त्या सांगतील. त्याच्यावरून तुमाला काय करायचं ते करा."

आवाज चिरकला होता. चिरकू दे. बोललो.

अभय टेम्पोकडं धावला, तर रहीमचाचा आणि दोन गडी सोफा उतरवून मोकळे झाले होते. चाचांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. फरशीवर सोफा डगमगतोय का ते बघत वाकले होते.

"ओ चाचा, म्हातारपणी कायला भानगडीत पडायलात?"

"भानगड कायकी? मैं तो बैठनेकी चीज बनाया बाबा. नीचेच बैठने का था तो चटई बुनता ना."

स्टेज घातलं. झालर लावली. सोफा चढवला. गढीची माणसं मंडपातून उठून बाहेर गेली आणि कडेला, उन्हात, छाती काढून उभी राहिली. त्यांच्याबरोबर त्यांच्या शेतावर कामाला असणारीही गेली, नाइलाजानं. मुलाकडचं वऱ्हाड ताडकळसकडचं. वरबाप घाबरले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमाला लेकीचं माहेर तुटलेलं नको. न्हाई बसले सोफ्यावर तर काय बिघडतं?" मी म्हणालो, पोरीला विचारा. खरं म्हणजे मला तेव्हा धाकधूक तिचीच होती. आईची हौस वेगळी, आणि सगळ्या गावादेखत त्या मखमलीवर जाऊन बसणं वेगळं. ती बसली नसती तर झालेलं सगळं वाया होतं, आणि ती बसली नसती तर तिला दोष देता आला नसता.

अक्षता पडल्या. कविता आणि नवरदेव स्टेजवर आले. मंडपातले सगळे स्टेजकडं बघायला लागले. बाहेर उभे असलेलेही माना उंच करून बघत होते. तिनं सोफ्याकडं बघितलं, सिंहाच्या डोक्यावर बोट टेकवलं आणि मला विचारलं, "काका, मोडणार न्हाई ना?"

"हत्ती बसला तरी न्हाई."

ती बसली. साडी सावरून, पाठ टेकवून, नीट बसली. नवरदेव अजून उभाच होता, बापाकडं बघत. तिनं त्याचं उपरणं ओढलं. "बसा की. माझी मान अवघडली वर बघून."

बायकांची सतरंजी खदखदून हसली आणि मंडप सैल झाला. मग एकेक बाई फोटोला वर यायला लागली. कुणी नवरीच्या मागं उभी राहिली, कुणी सिंहावर हात ठेवला, एका आजीनं मखमलीवर हात फिरवून विचारलं, "आत कापूस हाय का?" सुभद्राबाई मात्र खालीच, पार मागच्या बांबूजवळ उभ्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, चला की, फोटो काढा."

"नको," त्या म्हणाल्या. "हितून चांगलं दिसायलंय."

पुढं काय झालं ते लपवत नाही. जत्रेचा मंडप जिंतूरच्या माणसाला गेला. त्याचं मला धंद्यापुरतं दुःख झालं. पण माझ्याबरोबर येणारा आचारी आणि बँडवाले यांनाही त्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत कामं मिळेनाशी झाली. त्यांना मी विचारलं नव्हतं. ते लग्नात जेवण करायला आणि वाजवायला आले होते, माझा आवाज चढला आणि फटका त्यांना बसला. आचारी मला म्हणाला, "भास्करभाऊ, पुढच्या टायमाला क्रांती करायची असली तर आदल्या दिवशी सांगा, मी भांडी तरी कमी आणतो." हसत म्हणाला, पण म्हणाला. सुभद्राबाईंच्या शेळ्यांना गढीच्या पडीक रानात चरायची बंदी झाली. त्यांनी निम्म्या शेळ्या विकल्या.

माझा एक मास्तर मित्र आहे. तो म्हणतो, "तू तरी काय केलंस? राजेपणा मोडला नाहीस, भाड्यानं दिलास." या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. असेल तसं. सिंहासनाचं मलाही प्रेम नाही. पण ज्या पटांगणात ते एका घराला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, तिथं मी ते उचलून नेणार. सगळ्या गावाचं बसून झालं, सगळ्यांना त्याचा कंटाळा आला, की मोडून सरपण करू. चाचांना विचारलंय. ते म्हणाले, सिंह तेवढे मला परत दे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागल्या, तेव्हा मी त्या गावी गेलो. मारोतराव ट्रॅक्टरला पालाच्या ताडपत्र्या, भांडी, कोंबड्यांचं खुराडं बांधत होते. सुभद्राबाईंशी मी बोललो. शेळ्यांचं बोललो, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला म्हणालो, मला त्याची टोचणी आहे म्हणालो. त्यांनी हातातली घागर खाली ठेवली.

"तुमच्यामुळं?" त्या म्हणाल्या. "तुमी सोफा आणला. बोलले मी. बसली माझी लेक. तुमच्या एकट्याचं हाय काय ते?"

त्यांनी घागर परत उचलली.

"वाईट वाटून घ्यायचं असंल तर घरी जाऊन घ्या. हितं गाडी भरायचीय. आन ऐका, धाकटीचं जमायलंय. आमी फडावरून माघारी आल्यावर लग्न. तारीख काढली की कळवते. तोच सोफा, तीच जागा."

त्यांनी फडावरून फोन करून तारीख कळवली. मी लिहून घेतली. मधल्या काळात त्या गावातून आणखी दोन घरांनी विचारणा केली, एकानं तर फक्त आजोबांच्या एकसष्टीसाठी. पटांगणातच.

गेल्या महिन्यात अभयचा फोन आला. आवाजात साखर होती.

"भास्करकाका, माझं लग्न ठरलंय, आपल्या पटांगणातच. पोरीकडचे परभणीचे. त्यांना कुठं तरी फोटो दिसलाय, तुमचाच सोफा पाह्यजे म्हणायलेत. दुसऱ्यांचे बगितले मी, लहान हायत."

"तारीख काय?"

त्यानं सांगितली. सुभद्राबाईंच्या धाकटीची तीच तारीख.

"ती बुक हाय."

"कॅन्सल करा की काका. बापूकाकांनी सांगितलंय, औंदाची जत्रा तुमालाच. आचारी बी तुमचाच. झालं गेलं सोडून द्यायचं."

आचाऱ्याचं नाव त्यानं काढलं तेव्हा मी वही उघडून ती तारीख परत बघितली. मग म्हणालो, "आधी ज्यानं सांगितलं त्याचा सोफा, अभयराव. हा आमचा दस्तूर हाय."

"कोणाचं लग्न हाय?"

मी नाव सांगितलं. मला वाटलं, आता फोन ठेवेल. तर तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बी मुहूर्त हाय. दुसऱ्या दिवशी मोकळा हाय का?"

"दुसऱ्या दिवशी मोकळा हाय."

"मग लिहा."

लिहिलं. धाकटीनंतर, दुसऱ्या दिवशी. चाचांना म्हणालो, मधे काढून आणायचा नाही, स्टेजसकट पटांगणातच राहू द्या.